लेंडीतील डीएनएवरून जंत ओळखताना: चरणाऱ्या वन्य प्राण्यांसाठी कार्यपद्धती

चरणाऱ्या वन्य प्राण्याच्या पोटात कोणते जंत आहेत हे शोधण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग आजही शवविच्छेदन हाच आहे. मेलेल्या प्राण्याचे जठर व आतडी उघडून धुवावीत, चाळणीवर उरलेले जंत वेचावेत, मोजावेत आणि नरांच्या शेपटीकडील रचनेवरून त्यांची जात ठरवावी. मात्र त्यासाठी प्राणी मेलेला असावा लागतो, शव ताजे असावे लागते आणि जंतांची शरीररचना ओळखणारी अनुभवी नजर जवळ असावी लागते. या तीन गोष्टी क्वचितच एकत्र येतात. दुसरा मार्ग विष्ठेतील अंडी सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याचा. तो स्वस्त आहे, प्राण्याला हात लावावा लागत नाही, आणि अंड्यांची संख्या कळण्यासाठी त्याला अजूनही तोड नाही. त्याची अडचण वेगळीच आहे. रवंथ करणाऱ्या प्राण्यांच्या पचनमार्गातील बहुतेक महत्त्वाचे गोलकृमी स्ट्राँगाइल गटातले असतात आणि त्यांची अंडी एकाच साच्यातून काढल्यासारखी दिसतात: पातळ कवचाची, लंबगोल, बहुतांशी ७० ते ९० मायक्रोमीटर लांबीची. नेमाटोडायरसचे अंडे त्याच्या मोठ्या आकारावरून आणि ट्रायच्युरिसचे अंडे लिंबासारख्या घडणीवरून सहज ओळखता येते. परंतु रक्त पिऊन प्राण्याला पंडुरोगी करणारा हिमाँकस आणि त्यामानाने सौम्य असा एखादा सोबती यांच्यातला फरक अंडे पाहून सांगता येत नाही. डीएनए चाचणीचा खरा उपयोग येथे आहे.

या लेखात विष्ठेच्या नमुन्यापासून निष्कर्षाच्या वाक्यापर्यंतची वाट क्रमाने सांगितली आहे. तीत यंत्रांपेक्षा नमुन्याला अधिक जागा दिली आहे, कारण माझ्या अनुभवाप्रमाणे अशा कामातील बहुसंख्य चुका नमुना प्रयोगशाळेच्या दारात पोहोचण्यापूर्वीच होऊन गेलेल्या असतात आणि पुढची कितीही महागडी उपकरणे त्या दुरुस्त करू शकत नाहीत.

प्रश्न आधी, नमुना नंतर

डीएनए चाचणी हे एकच तंत्र नाही. कोणते तंत्र वापरायचे हे प्रश्नावरून ठरते, आणि तंत्रावरून नमुना कसा गोळा करायचा व जपायचा हे ठरते. म्हणून ही साखळी उलट्या टोकाने सुरू करू नये.

एखाद्या ठरावीक जंताचीच शंका असेल, तर त्या जातीपुरता नेमका पीसीआर (डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या चक्रामागून चक्र प्रती वाढवणारी प्रक्रिया) पुरेसा असतो. याचे उत्तम उदाहरण उत्तर अमेरिकेतील मेंदूआवरणाच्या जंताचे आहे. पॅरेलाफोस्ट्राँगायलस टेनुइस हा जंत पांढऱ्या शेपटीच्या हरणात फारसा त्रास न देता राहतो, पण मूस किंवा कॅरिबू यांच्या शरीरात शिरला की मज्जासंस्थेची हानी करून जीव घेऊ शकतो. त्याच्या अळ्या विष्ठेतून बाहेर पडतात. परंतु त्यांच्या शेपटीजवळचा काटा त्याच कुळातील इतर जातींच्या अळ्यांनाही असतो, त्यामुळे केवळ सूक्ष्मदर्शकावर विसंबून दिलेला निर्णय धोक्याचा ठरतो. तेथे एका अळीच्या डीएनएची चाचणी वादच मिटवते. तीच गोष्ट यकृतकृमींची. मूळचा उत्तर अमेरिकेतील आणि १९व्या शतकात यजमान प्राण्यांबरोबर (म्हणजे ज्यांच्या शरीरात तो राहतो त्यांच्याबरोबर) युरोपात पोहोचलेला महाकाय यकृतकृमी फॅसिओलॉइडिस मॅग्ना आणि सर्वपरिचित फॅसिओला हेपाटिका यांची अंडी दिसायला सारखीच असतात.

प्राण्याच्या पोटात कोणकोणते गोलकृमी एकत्र नांदत आहेत असा व्यापक प्रश्न असेल, तर मेटाबारकोडिंग करावे. यात नमुन्यातील सर्व गोलकृमींच्या डीएनएचा एकच ठरावीक तुकडा वाढवून त्याचे हजारो अनुक्रम, म्हणजे डीएनएच्या अक्षरांच्या रांगा, एकदम वाचले जातात. जंतांच्या या समुदायाला ‘नेमाबायोम’ हे नाव पडले असून या पद्धतीचे पहिले सविस्तर वर्णन २०१५ मध्ये गुरांतील जंतांच्या संदर्भात प्रसिद्ध झाले.

तिसरा प्रश्न औषधप्रतिकाराचा असतो. वन्य प्राण्यांना सहसा जंतनाशक दिले जात नाही, तरी पाळीव जनावरांच्या कुरणातून औषधाला न जुमानणारे जंत त्यांच्यात येऊ शकतात. ब्रिटनमधील जंगली रो हरणांत बेन्झिमिडाझोल गटाच्या औषधांना प्रतिकार करणारे हिमाँकस आढळले आहेत, म्हणजे ही हरणे एका शेतावरचे जंत दुसऱ्या शेतावर नेऊ शकतात. या प्रश्नासाठी जात ओळखणारा तुकडा उपयोगी पडत नाही. ही औषधे ज्या प्रथिनावर काम करतात त्याच्या बीटा-ट्युब्युलिन जनुकाच्या पहिल्या प्रकारातील १६७, १९८ आणि २०० या क्रमांकांच्या कोडॉनांमधले (तीन-तीन अक्षरांच्या गटांमधले) बदल तपासावे लागतात.

किती प्राण्यांचे नमुने घ्यावेत

हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो आणि बहुतेक जण त्याचे उत्तर वाहनात किती नमुने मावतील यावरून ठरवतात. थोडे गणित केले तर ते टळते. कळपातील १० टक्के प्राण्यांत एखादा जंत असेल आणि तो किमान एका नमुन्यात सापडण्याची ९५ टक्के खात्री हवी असेल, तर २९ प्राण्यांचे नमुने लागतात. प्रमाण ५ टक्के असेल तर ५९. हा हिशेब मोठ्या कळपाचा आणि कधीही न चुकणाऱ्या चाचणीचा आहे. चाचणी दर पाच संसर्गांपैकी चारच पकडत असेल, तर २९ चे ३६ होतात.

शिवाय जंत सर्व प्राण्यांत सारखे वाटलेले नसतात. थोड्या प्राण्यांत पुष्कळ आणि पुष्कळ प्राण्यांत थोडे, अशीच त्यांची विभागणी जवळजवळ नेहमी असते. म्हणून अनेक प्राण्यांची विष्ठा एकत्र कालवून एकच नमुना केल्यास खर्च वाचतो आणि समुदायात कोणत्या जाती आहेत हेही कळते, पण किती प्राण्यांना संसर्ग आहे आणि भार कोणावर एकवटला आहे हे कायमचे हरवते. एकत्र करायचेच असेल तर प्रत्येक प्राण्याचा भाग वजन करून सारखा घ्यावा, अंदाजाने चिमूटभर घेऊ नये. आणि प्रत्येकाचा थोडा भाग स्वतंत्र जपून ठेवावा.

वर्षातील वेळ तितकीच महत्त्वाची आहे. आर्क्टिकमधील स्वालबार्ड बेटांवरील रेनडिअरच्या चौथ्या जठरात दोन गोलकृमी प्रमुख आहेत. त्यांपैकी ऑस्टरटेजिया ग्रुनेरीची अंडी विष्ठेत मुख्यतः उन्हाळ्यात दिसतात, तर मार्शलाजिया मार्शलीची हिवाळ्यात. केवळ सोयीच्या उन्हाळी मोहिमेवर विसंबणारा अभ्यासक दुसऱ्या जंताबद्दल चुकीची समजूत घेऊन परतेल, आणि त्यात त्याच्या पीसीआरचा काहीही दोष नसेल. प्रतिकूल काळात अनेक जंतांच्या अळ्या जठराच्या अस्तरात वाढ थांबवून पडून राहतात. त्या काळात अंडी नसतात. उलट व्यालेल्या माद्यांमध्ये काही आठवडे अंड्यांचे प्रमाण वाढते.

मैदानावरचे काम

प्रत्यक्ष विष्ठा पडताना पाहावी आणि प्राणी पुढे सरकल्यावर ती उचलावी, हा सर्वांत चांगला मार्ग आहे. दुर्बिणीतून कळपावर लक्ष ठेवून, कोणत्या प्राण्याने कोठे विष्ठा टाकली याची खूण मनात धरून, तासाभराने त्या जागी जाणे हे कंटाळवाणे काम आहे खरे. पण त्यामुळे तीन प्रश्न एकाच वेळी सुटतात. विष्ठा ताजी असते, ती कोणत्या जातीच्या प्राण्याची आहे हे माहीत असते, आणि एकाच प्राण्याचा नमुना दोनदा घेतला जात नाही. शक्य असल्यास वयाचा अंदाज आणि नर-मादी हेही त्याच वेळी लिहून ठेवावे. जेथे असे पाहणे शक्य नाही, तेथे ओलसर चकाकी असलेल्या लेंड्याच घ्याव्यात. सारख्या आकाराची लेंडी टाकणाऱ्या दोन-तीन जाती एकाच कुरणात चरत असतील, तर लेंडीच्या बाहेरील आवरणावरून प्राण्याचा स्वतःचा डीएनए काढून यजमानाची जात पडताळावी. या पडताळणीत अनुभवी माग काढणारेही कधीकधी चुकलेले निघतात.

जमिनीला टेकलेला भाग घेऊ नये. मातीत स्वतंत्रपणे जगणारे असंख्य सूक्ष्म गोलकृमी असतात. ते विष्ठेत लगेच शिरू लागतात, आणि गोलकृमींसाठी बनवलेले प्रायमर (पीसीआरमध्ये कोणता तुकडा वाढवायचा हे ठरवणारे डीएनएचे छोटे धागे) त्यांचाही डीएनए आनंदाने वाढवतात. म्हणून लेंड्यांच्या ढिगाऱ्यातील वरच्या लेंड्या घ्याव्यात. शेणाचा पो असेल तर वरची साय बाजूला करून मधला भाग घ्यावा. प्रत्येक नमुन्याला नवे हातमोजे आणि नवी काडी वापरावी. हे दूषितीकरण टाळण्यासाठी आहेच, पण स्वतःच्या आरोग्यासाठीही आहे, कारण वन्य प्राण्यांच्या विष्ठेत माणसाला बाधणारे इतर रोगजंतू असू शकतात.

प्रत्येक प्राण्यामागे किमान १० ते १५ ग्रॅम विष्ठा मिळाली तर तिचे दोन भाग करावेत. एक अंडी मोजण्यासाठी ताजा ठेवावा, दुसरा डीएनएसाठी. पिशवीतील हवा शक्य तितकी काढून टाकावी, कारण स्ट्राँगाइल अंड्यांना उबवण्यासाठी प्राणवायू लागतो आणि उबदार हवेत ती एक-दोन दिवसांत फुटून अळ्या बाहेर येतात. नमुने थंड पेटीत, सुमारे ४ अंश सेल्सिअसला ठेवावेत. बर्फाला थेट चिकटू देऊ नयेत. गोठवलेल्या विष्ठेतून डीएनए मिळतो, पण अंडी मोजण्यासाठी तो नमुना बिघडतो.

डीएनएच्या भागातून अंडी ताजेपणीच वेगळी करणे (ही पायरी पुढे येते) शक्य नसेल, तर त्या भागासाठी ९५ टक्के इथेनॉल हे साधे आणि विश्वासार्ह परिरक्षक आहे, मात्र विष्ठेच्या आकारमानाच्या तिप्पट तरी ते असावे आणि लेंड्या फोडून त्यात नीट मिसळाव्यात. अखंड लेंडीच्या गाभ्यापर्यंत ते लवकर पोहोचत नाही. फॉर्मॅलिन अजिबात वापरू नये. जुन्या संग्रहांतील कित्येक नमुने फॉर्मॅलिनमध्ये आहेत. ते डोळ्यांना उत्तम दिसतात, पण त्यांतील डीएनए तुटलेला व प्रथिनांशी जखडलेला असल्याने पीसीआर बहुधा अपयशी ठरतो. नमुन्यावरची अक्षरे पेन्सिलीने कागदाच्या चिठ्ठीवर लिहून ती चिठ्ठी नळीच्या आत टाकावी. बाहेरची शाई इथेनॉलचा एक थेंब सांडला तरी पुसली जाते. एका संपूर्ण दिवसाच्या नमुन्यांची ओळख अशा रीतीने गमावल्यावर मला हा नियम पाठ झाला.

नमुने उचलण्यासाठी आणि सीमेपार पाठवण्यासाठी त्या त्या देशाच्या वनखात्याची व पशुवैद्यकीय विभागाची परवानगी आधी घ्यावी. निव्वळ विष्ठा आहे म्हणून परवानगी लागणार नाही, असे गृहीत धरू नये.

अंडी गोळा करणे: दुर्लक्षित पण निर्णायक पायरी

विष्ठेतून डीएनए काढण्याच्या तयार संचांत साधारण ०.२ ग्रॅम विष्ठा घेतली जाते. प्रति ग्रॅम १०० अंडी असतील तर तेवढ्यात २० अंडी येतात. परंतु निरोगी वन्य प्राण्यांत प्रति ग्रॅम १० अंडी असणे मुळीच असामान्य नाही. मग त्या चिमटीत सरासरी दोनच अंडी येतील आणि एखाद्या विरळ जातीचे अंडे येण्याची शक्यता जवळजवळ नाहीशी होईल. म्हणून विष्ठेतून थेट डीएनए काढण्याऐवजी आधी ५ ते १० ग्रॅममधून अंडी वेगळी करून घ्यावीत, असे माझे ठाम मत आहे. वेळ जास्त लागतो. पण याने संवेदनक्षमता वाढते आणि पीसीआरला अडथळा आणणारी घाणही मागे राहते.

कृती साधी आहे. विष्ठा पाण्यात कुस्करून जाड चाळणीतून गाळावी म्हणजे गवताचे तंतू निघून जातात. गाळ सेंट्रिफ्यूजमध्ये तळाला बसवावा, वरचे पाणी ओतून टाकावे आणि गाळ १.२० घनतेच्या मिठाच्या संपृक्त द्रावणात मिसळून पुन्हा फिरवावे. अंडी हलकी असल्याने वर येतात. ती वरच्या थरातून उचलून २० मायक्रोमीटरच्या जाळीवर घ्यावीत आणि भरपूर पाण्याने धुवावीत. शेवटचे धुणे टाळू नये, कारण उरलेले मीठ पुढे पीसीआरमध्ये बाधा आणते. साखरेचे द्रावण १.२७ पर्यंत घन करता येते आणि त्यात जड अंडीही तरंगतात, मात्र ते चिकट असल्याने धुवायला जास्त वेळ लागतो. ही सर्व कामे इथेनॉलमध्ये टाकण्यापूर्वी, ताज्या विष्ठेवर करावीत. परिरक्षित अंड्यांचे तरंगणे भरवशाचे राहत नाही. वेगळी केलेली अंडी मग इथेनॉलमध्ये किंवा उणे २० अंशांवर सुरक्षित राहतात.

यकृतकृमींची अंडी मिठाच्या द्रावणात वर येत नाहीत. ती मोठी व जड असतात (फॅसिओलाचे अंडे सुमारे १३० ते १५० मायक्रोमीटर लांब असते), म्हणून त्यांच्यासाठी साध्या पाण्यात गाळ बसू देण्याची पद्धत वापरावी. फुप्फुसकृमींसाठी बेअरमन पद्धत योग्य: विष्ठा जाळीदार कापडात बांधून कोमट पाण्याच्या नरसाळ्यात रात्रभर बुडवून ठेवली की जिवंत अळ्या बाहेर पडून तळाच्या नळीत जमतात. तिन्ही गटांचा शोध एकाच पद्धतीने लागेल अशी अपेक्षा ठेवू नये.

काही प्रयोगशाळा अंड्यांऐवजी विष्ठा सुमारे २५ अंशांवर १० ते १४ दिवस ठेवून त्यातून वाढलेल्या तिसऱ्या अवस्थेच्या अळ्या घेतात. अळ्यांचा डीएनए चांगला मिळतो आणि त्या मोजताही येतात. पण सर्व जाती सारख्याच प्रमाणात उबत नाहीत. विशेषतः हिमाँकसची अंडी काही दिवस फ्रीजमध्ये राहिली तर त्यांतली बरीच मरतात, आणि मग अहवालात सर्वांत घातक जंतच कमी दिसतो. नमुने थंड ठेवून दुरून येणार असतील, तर अंडीच घ्यावीत.

डीएनए काढणे

गोलकृमीचे अंडे प्रतिकूल हवामानात टिकण्यासाठीच घडलेले असते. त्याच्या कवचातील कायटिनचा थर साध्या रसायनाने विरघळत नाही. म्हणून काच किंवा सिरॅमिकच्या मण्यांसह नळी वेगाने हलवून अंडी यांत्रिकरीत्या फोडावीत, किंवा गोठवणे व वितळवणे यांची काही आवर्तने द्यावीत, आणि त्यानंतर प्रोटीनेज-के हे विकर घालून ५६ अंशांवर काही तास किंवा रात्रभर ठेवावे. हा टप्पा घाईने केला तर पातळ कवचाच्या जाती दिसतात आणि जाड कवचाच्या अदृश्य होतात.

नमुन्यांच्या प्रत्येक तुकडीबरोबर एक रिकामी नळी सुरुवातीपासून शेवटपर्यंत तशीच न्यावी: तीत विष्ठा नाही, बाकी सर्व द्रव्ये आहेत. तिच्यात जंताचा डीएनए सापडला तर ती संपूर्ण तुकडी संशयित समजावी. पीसीआरपूर्वीचे आणि पीसीआरनंतरचे काम वेगळ्या खोल्यांत करावे, कारण वाढवलेल्या डीएनएचा एक अदृश्य थेंब पुढच्या महिन्याचे सर्व नमुने ‘बाधित’ ठरवू शकतो.

पीसीआर आणि तुकड्याची निवड

गोलकृमींच्या जाती ओळखण्यासाठी सर्वाधिक वापरला जाणारा तुकडा म्हणजे रायबोसोमच्या (पेशीतील प्रथिने बनवणाऱ्या यंत्रणेच्या) जनुकांमधला आयटीएस-२. त्याच्या दोन्ही बाजूंची जनुके सर्व जातींत जवळजवळ सारखी असल्याने एकच प्रायमरजोडी सर्वांना चालते, मधला भाग मात्र जातीनुसार बदलतो, आणि एका पेशीत त्याच्या अनेक प्रती असल्याने थोड्या अंड्यांतूनही तो सापडतो. १९९३ पासून प्रचलित असलेली एनसी-१ आणि एनसी-२ ही प्रायमरजोडी आजही या कामाचा पाया आहे. फरक किती सूक्ष्म असू शकतो हे हिमाँकसच्या दोन जातींवरून समजते: कॉन्टॉर्टस आणि प्लेसाय या दोघांचा आयटीएस-२ तुकडा २३१ अक्षरांचा आहे आणि त्यांत केवळ तीन अक्षरांचा स्थिर फरक आहे. अनुक्रम वाचताना झालेल्या दोन-तीन चुका एका जातीला दुसरी ठरवू शकतात, हे यावरून ध्यानात यावे.

निष्कर्ष काढण्याआधी प्रत्येक नमुन्यात अडथळा आहे का हे तपासावे. विष्ठेतील पित्तक्षार, वनस्पतींतील टॅनिन व गुंतागुंतीच्या शर्करा पीसीआरचे विकर बंद पाडतात, आणि मग नमुन्यात जंत असूनही उत्तर नकारार्थी येते. झाडपाला खाणाऱ्या प्राण्यांत टॅनिनमुळे ही अडचण अधिक जाणवते. तपासणी सोपी आहे: डीएनए दहापट पातळ करून रिअल-टाइम पीसीआर (डीएनए कितव्या चक्राला दिसू लागला हे दाखवणारा पीसीआर) पुन्हा करावा. दर चक्राला डीएनए दुप्पट होत असल्यामुळे पातळ नमुन्याचा संकेत सुमारे ३.३ चक्रे उशिरा यायला हवा. तो अगदी एखाद्याच चक्राने उशिरा आला, किंवा आधीच आला, तर मूळ नमुन्यात अडथळा आहे हे निश्चित. जे नमुने पूर्ण नकारार्थी आहेत त्यांच्यासाठी हा उपाय चालत नाही. त्यांत ओळखीचा परका डीएनए ठरावीक मात्रेत मिसळून तो वेळेवर दिसतो का ते पाहावे. अडथळा आढळल्यास पातळ केलेला डीएनए वापरावा किंवा मिश्रणात बोव्हाइन सीरम अल्ब्युमिन घालावे. ते बऱ्याच अडथळ्यांना बांधून ठेवते.

मेटाबारकोडिंग करताना प्रत्येक नमुन्याच्या तुकड्यांना वेगळी डीएनए-खूण जोडून सर्व नमुने एकाच वेळी वाचले जातात. आयटीएस-२ साठी दोन्ही टोकांकडून २५० अक्षरे वाचणारी पद्धत सोयीची आहे, कारण दोन्ही वाचने मध्ये एकमेकांवर येतात आणि चुका पकडता येतात. प्रत्येक फेरीत एक कृत्रिम मिश्रण अवश्य ठेवावे: ओळख पक्की असलेल्या अळ्या मोजून घेतलेले, म्हणजे उत्तर आधीच माहीत असलेले. त्याचे उत्तर चुकले तर बाकीच्यांवर विश्वास ठेवण्याचे कारण उरत नाही.

अनुक्रमांपासून नावांपर्यंत

वाचलेले अनुक्रम स्वच्छ करणे, प्रायमर कापणे, दोन्ही टोके जोडणे आणि पीसीआरमध्ये चुकून तयार झालेले संकरित तुकडे काढून टाकणे ही कामे डाडा-२ सारख्या मुक्त संगणकप्रणाली करतात. त्यांवर फार लिहिण्याची गरज नाही. विचार लागतो तो पुढे, नावे देताना.

ओळख पटलेल्या जातींचे अनुक्रम साठवणाऱ्या संदर्भसंग्रहांत मेंढ्या, शेळ्या व गुरांचे जंत भरपूर आहेत. वन्य प्राण्यांचे पुष्कळ जंत त्यांत नाहीत. अशा वेळी संगणक जवळात जवळचे नाव देतो आणि एखाद्या दुर्मीळ हरणाच्या पोटात निमूटपणे मेंढीचा जंत ‘सापडतो’. जुळणी पुरेशी घट्ट नसेल तर प्रजातीचे नाव न देता वंशापाशीच थांबावे, आणि तेही शक्य नसेल तर अनुक्रम ‘अनोळखी’ म्हणून नोंदवावा. नैसर्गिकरीत्या मेलेला एखादा प्राणी हाती आला तर त्याच्या जठरातील प्रौढ जंत वेचून, आधी रचनेवरून ओळखून, मग त्यांचा अनुक्रम संग्रहात जमा करावा. अशा दहा जंतांनी जेवढे काम होते तेवढे शंभर लेंड्यांनी होत नाही.

मातीतील मुक्त गोलकृमींचे अनुक्रम याच टप्प्यावर वगळावेत. नमुन्यांच्या खुणा थोड्या प्रमाणात आपसांत बदलतात, त्यामुळे अत्यल्प वाचने असलेल्या जातींना किमान मर्यादा लावावी. ही मर्यादा रिकाम्या नळ्यांतील वाचनांवरून ठरवावी आणि निकाल पाहण्यापूर्वी ठरवावी. निकाल पाहून मर्यादा सरकवण्याचा मोह प्रत्येकाला होतो.

निकालाचा अर्थ

वाचनांची टक्केवारी म्हणजे जंतांची टक्केवारी नव्हे. अंड्यातील पेशींची संख्या त्याच्या वयाप्रमाणे बदलते, आयटीएस-२ च्या प्रतींची संख्या जातीनुसार वेगळी असते, आणि प्रायमर प्रत्येक जातीला सारख्याच ताकदीने चिकटत नाहीत. कृत्रिम मिश्रणावरून दुरुस्तीचे गुणक काढून हा कल काहीसा सुधारता येतो. त्यानंतरही जी टक्केवारी उरते ती अंड्यांची असते. हिमाँकसची एक मादी दिवसाला ५,००० ते १०,००० अंडी घालते, तर ट्रायकोस्ट्राँगायलसची मादी काही शेच. त्यामुळे विष्ठेत हिमाँकस वरचढ दिसला तरी पोटात तो अल्पसंख्य असू शकतो.

उपयोगी आकडा हवा असेल तर डीएनएचा निकाल अंड्यांच्या मोजणीशी जोडावा. मॅकमास्टर पेटीत (अंडी मोजण्याच्या दोन कप्प्यांच्या काचपट्टीत) ३ ग्रॅम विष्ठा ४२ मिलिलिटर द्रावणात मिसळून दोन्ही कप्पे मोजले, तर दिसलेले प्रत्येक अंडे प्रति ग्रॅम ५० अंड्यांइतके धरतात. कमी संसर्गाच्या वन्य प्राण्यांसाठी ही चाळण फार मोठी आहे. मिनी-फ्लोटॅकसारखी बारीक पद्धत घ्यावी. समजा मोजणी प्रति ग्रॅम ४०० स्ट्राँगाइल अंड्यांची निघाली आणि दुरुस्तीनंतर एका जातीचा वाटा २५ टक्के आला, तर त्या जातीची सुमारे १०० अंडी प्रति ग्रॅम असा अंदाज मांडता येतो. अंदाज या शब्दावर भर द्यावा.

नकारार्थी निकाल लिहिताना अधिक सावध राहावे. हिमाँकसची अळी पोटात गेल्यापासून अंडी दिसेपर्यंत सुमारे तीन आठवडे जातात. तोवर, आणि वाढ थांबलेल्या अळ्यांच्या बाबतीत महिनोन्‌महिने, विष्ठेतील अंड्यांवर आधारलेली चाचणी गप्प राहते. म्हणून ‘प्राण्यात जंत नाही’ असे न लिहिता ‘या तारखेच्या नमुन्यात या पद्धतीने या जातीचा डीएनए आढळला नाही’ असे लिहावे. सकारात्मक निकालाचाही अर्थ आजार असा होत नाही. स्कॉटलंडच्या सेंट किल्डा द्वीपसमूहातील रानात मोकळ्या राहणाऱ्या सोए मेंढ्यांचा १९८५ पासून सलग अभ्यास चालू आहे. तेथे जवळजवळ प्रत्येक मेंढीच्या पोटात गोलकृमी असतात, पण त्यांचा फटका मुख्यतः अन्नटंचाईच्या हिवाळ्यात अशक्त मेंढ्यांना बसतो. त्यामुळे अहवालात जंतांच्या नावांशेजारी प्राण्याची शरीरस्थिती, वय, ऋतू आणि कुरणातील इतर चरणारी जनावरे यांची नोंद असावी. रिकाम्या नळ्यांचे निकालही त्याच तक्त्यात द्यावेत.

उरलेला डीएनए लहान लहान भागांत विभागून उणे ८० अंशांवर ठेवावा, म्हणजे प्रत्येक वेळी संपूर्ण साठा वितळवावा लागत नाही. अनोळखी म्हणून नोंदवलेले अनुक्रमही पुसू नयेत. संदर्भसंग्रहात नव्या जातींची भर पडत असते, आणि दर वर्षी एकदा ती जुनी फाइल नव्या संग्रहाशी ताडून पाहायला एक दुपार पुरते.